भिंतीपलीकडे चार माग

आमच्या घराची मधली भिंत थरथरत असते.
पाहुणे दोन मिनिटांत म्हणतात, डोकं उठलं,
आणि आम्हाला कळत नाही, कशानं.

विटा, मायणी रोडच्या आतली गल्ली.
पलीकडे चार यंत्रमाग, मजुरीवर.
दिवसपाळीला अण्णा,
रातपाळीचा गडी आला नाही तर रातपाळीलाही अण्णाच.
आई दारात कांड्या भरते.
मी दहावी ब, खिडकीकडचा तिसरा बाक,
केसांत कापसाचं पिंजर, मांडीवर भूमिती.

खटाक् खट, खटाक् खट.
एका ठोक्याला पक्ष, एकाला साध्य,
मग रचना, मग सिद्धता.
प्रमाणाचं मूलभूत प्रमेय मला असं बसलं,
धोटा इकडून तिकडे जाईल तसं.

तबस्सुम शिकलगार अभ्यासाला आली
ती कानात सुताचे बोळे घालून.
चौथ्या दिवशी बोळे विसरून आली
आणि सनावळ्या मागापेक्षा मोठ्यानं म्हणाली.
आई म्हणाली, एवढं वरडून तर पाठ व्हायलाच पायजे.

पहिल्या चाचणीत बीजगणितात वीसपैकी सहा.
कणसे बाईंनी पेपर पालथा ठेवला. हळूच विचारलं,
"घरी अभ्यासाला जागा आहे का गं?"
मी हो म्हणाले.
जागा होतीच.
सांगितलं नाही ते एवढंच,
की गणित चुकलं की मी अख्खं पान खोडते,
दुसऱ्या पानावर पहिल्यापासून मांडते,
आणि तिथंच पुन्हा चुकते.

त्या रात्री अण्णांचा जेवणाचा डबा द्यायला गेले.
ताण्याची तार तुटली होती.
अण्णांनी बीम काही उतरवलं नाही.
माग थांबवला, वाकले, शेकडो तारांतून बोट फिरवत गेले,
टोक सापडलं, चिमटीत धरून गाठ मारली, कात्रीनं शेपूट छाटलं.
"हुडकायलाच येळ जातुया," एवढंच म्हणाले,
आणि डबा उघडून म्हणाले, आज बी दोडकाच का?

मी वही घेऊन बसले. बोट फिरवत गेले.
माझी तार तुटायची कंसापाशी.
बाहेर वजा असलं की आतलं दुसरं चिन्ह
मी तसंच बाहेर आणायची.
जुलैपासून दर वेळी. तेच, तिथंच.
हसूच आलं मला.

पूर्वपरीक्षेला चाळीसपैकी एकतीस. बाई काही बोलल्या नाहीत,
वहीवर खडूची बोटं उमटवून गेल्या.

सोमवारी मात्र लाईट नसते.
माग गप्प, गल्लीत कुणाचा चमचा पडला तरी कळतो.
सोमवारी मला एक ओळ वाचता येत नाही.
कंपासपेटी फरशीवर आपटत बसते,
आई म्हणते, काय भूत लागलंय हिला.

मार्चात पहिला पेपर, खोली नंबर बारा.
पर्यवेक्षकांनी घंटेनंतर दार लोटलं
आणि सोमवार झाला.
दहा मिनिटं नुसता बैठक क्रमांक गिरवला.
मग चप्पल वाजवायला लागले, हळू.
"ए मुली, पाय हलवू नकोस."
मग जीभ टाळ्याला लावली.
खटाक् खट.
कुणाला दिसलं नाही. मी पुरवणी घेतली.
सगळ्या पेपरांना घेतली.

भूगोल शेवटचा. घरी येऊन
गणवेशातच भिंतीला पाठ लावून आडवी झाले.

दचकून उठले. काय झालं?
चारी माग बंद. बल्ब तर पेटलेला.
अण्णा रिकाम्या खोक्यावर, हात मांडीत.
"तार तुटली?"
"न्हाय. म्हटलं, पोरगी झोपलीया."
मजुरी मीटरवर असते. घड्याळात साडेचार वाजलेले.
किती वेळ असे बसले होते, विचारलं नाही मी.

"चालू करा अण्णा. गप्प असलं की मला झोप लागत नाही."

त्यांनी खटका ओढला. पहिला लागला.
दुसरा. तिसरा जरा अडखळून.
चौथ्याचा आवाज मला आठवत नाही.